लाल फडक्यातलं प्रस्थान

"उद्या दक्षिणेला जायचं नाही," आई म्हणाली. "गुरुवार आहे. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ."

मी बोटीच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. मेगानिसी बेटाच्या ज्या खाडीत आम्ही नांगर टाकला होता, तिथून इथाका बेट सरळ दक्षिणेला होतं. ते उचलून दुसरीकडे ठेवणं माझ्या हातात नव्हतं.

"आई, इथे कोणी वार बघून शीड उभारत नाही. वारा बघून उभारतात."

"तू बघ वारा. वार मी बघते. नाहीतर बघायला मला आणलंस कशाला?"

खरंच, बघायलाच आणलं होतं. याला आता बरीच वर्षं झाली. पुण्यातली चांगली नोकरी सोडून मी ग्रीसमध्ये शिडाच्या बोटी चालवायला लागले होते. उन्हाळ्यात युरोपातली निवृत्त माणसं तिथे आठवडाभर बोट भाड्याने घेतात आणि या खाडीतून त्या खाडीत, म्हशी डुंबतात तशी निवांत फिरत राहतात. खाड्या बेटांच्या कुशीत असतात, लाटा नसतात, घाई तर नसतेच. ज्यांना स्वतः बोट चालवता येत नाही, त्यांना माझ्यासारखं माणूस लागतं. त्या वर्षी एका स्कॉटिश कप्तानाने मला विचारलं होतं, नोव्हेंबरात अटलांटिक ओलांडायला आमच्या बोटीवर येतेस का. मी हो म्हणून बसले. आईला फोनवर सांगितलं, तशी तिने तिचं नेहमीचं अस्त्र काढलं.

"गेलीस तर माझं मेलं तोंड बघशील."

तिशी उलटलेल्या बाईने असल्या शपथेला भ्यावं का? भिऊ नये. पण मी भीत होते. देवरुखला लहानपणी आईने मला कधी नदीवर जाऊ दिलं नाही, शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. पलीकडच्या आळीत खेळायला गेले तरी ती घरातली कामं टाकून फाटकात उभी असायची. पोहायला मी पुण्यात शिकले, तेही चोरून. शेवटी तडजोड अशी ठरली, की आई-अप्पांनी ग्रीसला यायचं, आठवडाभर माझ्याबरोबर बोटीवर राहायचं, आणि आठवडा संपताना आई सांगेल ते मी ऐकायचं. जा म्हणाली तर जायचं. नको म्हणाली तर अटलांटिकचं नाव पुन्हा काढायचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आल्या दिवसापासून आईने बोट ताब्यात घेतली होती. नांगराला हळदकुंकू लावलं. पुढच्या टोकावर नारळ फोडला, आणि त्याचं पाणी सांडलेली जागा मला तीनदा पुसायला लावली. वायरलेस बंद करवला, कारण त्यातून परके पुरुष मध्येच बोलायला लागतात. राहुकाळात शीड वर जायचं नाही, हा नियम झाला. मी दर संध्याकाळी अंदाज घ्यायला विचारायची, "कसं वाटतंय?" आणि ती म्हणायची, "बघू."

त्या संध्याकाळी अप्पांनी तोडगा काढला. अप्पा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आणि घरातल्या दोन बायकांच्या मधली रेघ पुसण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अगं, प्रस्थान ठेवू की," ते म्हणाले. "आज बुधवार आहे. आज ठेवलं, की उद्याचा दोष गेला."

ही जुनी रीत. निघायच्या दिवशी दोष असेल, तर आदल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधायचं आणि जायचंय त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही निघालात. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून गाठोडं उचलायचं आणि खुशाल पुढे चालू लागायचं. पंचांगाला चकवायची ही पळवाट पंचांगवाल्यांनीच ठेवलेली आहे.

"शेजारी कुठून आणायचा?" मी विचारलं.

आईने खिडकीतून दक्षिणेकडे बोट दाखवलं. तिथे एक डच जोडपं नांगरून होतं. विम आणि ग्रीट. दोघंही सत्तरीची, बोटीवर फुलांच्या कुंड्या, दोरीवर कायम वाळत घातलेले पायमोजे. सकाळी त्यांनी आम्हाला हात केला होता, तेवढीच ओळख.

मी स्वतः जाऊन सगळं समजावलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच वेळी संडासाचा पंप तुंबला. बोटीवरच्या संडासात काय टाकू नये हे मी दोघांना रोज सांगत होते, आणि अप्पांनी देवाचं निर्माल्य त्यात टाकलं होतं. "पाण्यातच तर सोडायचं असतं," असं त्यांचं म्हणणं. मी कोपरापर्यंत हात घालून झेंडू उपसत होते, तेव्हा ती दोघं छोट्या रबरी होडीतून निघाली. अप्पा वल्ही मारत होते.

त्या डच माणसांना काय दिसलं, ते मी पुढे अनेकदा डोळ्यांसमोर आणून पाहिलं आहे. संध्याकाळची वेळ. नुकती न्हालेली, ओल्या केसांची एक वयस्क बाई. अंगावर पांढरं सुती पातळ, कारण बोटीवर तेवढंच लवकर वाळतं. होडी हलत होती आणि आईला पोहता येत नाही, त्यामुळे ती भीतीने रडत होती. पडू नये म्हणून तिने कवठाएवढं लाल गाठोडं छातीशी घट्ट धरलं होतं. होडीच्या टोकाला उदबत्ती. त्यांच्या बोटीला लागल्यावर तिने गाठोडं आधी कपाळाला लावलं आणि मग ग्रीटच्या हातात दिलं. अप्पा हात जोडून उभे राहिले.

"काय सांगितलंत त्यांना?" परत आल्यावर मी विचारलं.

"म्हटलं, ही आमची रीत आहे, एवढं आपल्याजवळ ठेवा. उद्या आम्ही दक्षिणेला जाणार. तर तो म्हणाला, आम्हीही दक्षिणेलाच. भला माणूस. माझा हात किती वेळ सोडलाच नाही त्याने."

"आणि त्या गीताने मला जवळ घेतलं," आई म्हणाली. ग्रीटचं नाव तिने परस्पर गीता करून टाकलं होतं. "परदेशात इतकी माया असते असं वाटलं नव्हतं."

मला बरं वाटलं. मनात म्हटलं, अटलांटिक एक पाऊल जवळ आला.

सकाळी उठून बघते तर दक्षिणेची जागा रिकामी. कुंड्या नाहीत, पायमोजे नाहीत, विम नाही, ग्रीट नाही. पार लांब, पाण्याच्या कडेला, त्यांचं तपकिरी शीड नखाएवढं दिसत होतं.

"आपलं प्रस्थान?" आई म्हणाली.

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे आपण निघालो, आई. शास्त्राप्रमाणे आपण आत्ता तिकडे आहोत."

मी गंमत केली होती, पण आईने ती शब्दशः घेतली. तिघांच्या नावाच्या तीन मुठी त्या गाठोड्यात होत्या. माणसं इथे आणि त्यांचं प्रस्थान तिथे, असं अर्धंमुर्धं कोणी राहू नये. वाटेत त्याचं काही झालं तर? आता ते गाठोडं हातात येईपर्यंत ती कुठल्याही खाडीत सुखाने पाण्याचा घोट घेणार नव्हती. आणि हे सगळं कुठल्या खात्यावर जमा होणार ते मला दिसत होतं.

"चल, उचल नांगर," ती म्हणाली. "काय तो तुझा वारा असेल नसेल, चल."

असा आमचा पाठलाग सुरू झाला. सकाळी वारा नव्हता म्हणून इंजिन लावलं. ते इंजिन इतकं म्हातारं होतं, की काठाने सायकलवरचा पोस्टमन चालला असता तर त्याने आम्हाला मागे टाकलं असतं. विमची बोट तेवढ्याच वेगाने पुढे जात होती. आम्ही तिच्या जवळ जात नव्हतो आणि ती दिसेनाशीही होत नव्हती. आई टोकाला बसून मला सूचना देत होती, "जरा जोरात घे की गं," आणि मी जोरात घेत होते, आणि काहीही होत नव्हतं. मी वायरलेस लावून त्यांना पुन्हा पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही. त्या दिवशी त्यांनी वायरलेस मुद्दाम बंद ठेवला होता, हे मागाहून कळलं.

दुपारी ती इथाकाच्या टोकाआड गेली, म्हणून तिला शोधत पूर्वेकडच्या एका खाडीत शिरलो. डोंगरावर सुरूची झाडं, धक्क्यावर दोन खानावळी आणि दहापंधरा बोटी. विमची बोट त्यात नव्हती. पण खाडीत काहीतरी विचित्र होतं. एरवी अशा ठिकाणी माणसं बिअर पीत हसत-खिदळत असतात. आम्ही आत येताच सगळं गप्प झालं. एका माणसाने टोपी काढली. धक्क्यावरून दोघं धावत आले, आमच्या दोऱ्या घेतल्या, बांधल्या, आणि मी आभार मानले तर मान खाली घालून निघून गेले.

"चारू," अप्पा हळूच म्हणाले, "सगळ्यांचे झेंडे अर्ध्यावर आहेत."

खरंच होते. प्रत्येक बोटीच्या मागच्या काठीवरचा झेंडा निम्म्यावर उतरवलेला.

"इथला कोणीतरी मोठा पुढारी गेलेला दिसतो," अप्पा म्हणाले. शाळेत चाळीस वर्षं झेंडावंदन त्यांच्याकडे होतं, त्यामुळे या विषयात ते कोणाचं ऐकत नसत. "आपण पाहुणे आहोत. आपणही उतरवला पाहिजे."

आणि त्यांनी आमचा झेंडा विधिवत, आधी पूर्ण वर नेऊन मग अर्ध्यावर आणला आणि सावधानमध्ये उभे राहिले. आजूबाजूच्या बोटींवर सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले, नाहीतर बरं दिसलं नसतं.

मग शेजारच्या बोटीवरून पामेला नावाची इंग्रज बाई बशीत केक घेऊन आली. "फार वाईट झालं," ती अप्पांना म्हणाली.

"फार वाईट," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "तुम्हा सर्वांना आमची सहानुभूती."

"किती धीराचे आहात तुम्ही."

"धीर धरावाच लागतो. देश चालला पाहिजे."

पामेलाला हे कळलं नसावं, पण तिने आईला मिठी मारली. आईला वाटलं ही इथली रीतच आहे. तिनेही मारली. मग आईने तिची रीत पाळली. भांडं रिकामं परत करत नाहीत. केक काढून घेऊन तिने बशीत बेसनाचे लाडू ठेवले आणि अप्पांच्या हाती पाठवून दिले. तिकडच्या लोकांना ही प्रथा ठाऊक नसल्यामुळे त्यांना वाटलं, बशी पुन्हा आली म्हणजे पुन्हा काहीतरी द्यायला हवं. त्यांनी चीज दिलं. आईने चिवडा दिला. बातमी पसरली तशा बाकीच्या बोटींवरूनही बशा, वाडगे, एक अख्खं पातेलं यायला लागलं. संध्याकाळ झाली तरी आमच्या ओट्यावर परक्या भांड्यांची चळत, आणि आईचा डबा तळाला गेलेला.

"आई, निघायला हवं. विम पुढे गेलाय."

"लोकांची भांडी घेऊन जाऊ? उद्या काय म्हणतील? देवरुखची माणसं आली आणि पातेलं घेऊन पळाली?"

रात्री तिथेच मुक्काम पडला. नाकापेक्षा मोती जड, तसा सगळा प्रकार. पण एक मात्र कबूल केलं पाहिजे. आई खूश होती. आयुष्यात इतकी माणसं तिच्याकडे तिच्यासाठी म्हणून आलेली मी कधी पाहिली नव्हती. गाठोड्याचा घोर होता, तरी मधूनच हसत होती. मी संधी साधून विचारलं, "मग? अटलांटिकचं?"

"बघू," ती म्हणाली, पण जरा मऊ आवाजात.

सकाळी पातेलं परत करायला मी पामेलाकडे गेले. तिने माझा हात हातात घेतला.

"ग्रीट काल इथे पाव घ्यायला थांबली, तेव्हा तिने सांगितलं आम्हाला," ती म्हणाली. "इतकं छोटंसं गाठोडं. ती म्हणाली, एवढी थोडी राख मोठ्या माणसाची असूच शकत नाही. तुझ्या आईकडे बघून आमचं काळीज तुटतं गं."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा पातेलं हातातून खाली ठेवावं लागलं. आमच्या तीन मुठी तांदळांची त्यांनी राख केली होती. आम्ही कोणा लहान मुलाच्या अस्थी दक्षिणेच्या समुद्रात सोडायला त्यांच्या हवाली केल्या, असा त्यांचा समज होता. आणि अख्ख्या खाडीतले लोक त्या मुलासाठी झेंडे उतरवून बसले होते.

मी हसू दाबत बोटीवर परतले. अप्पा टोकाला एकटेच टॉवेल वाळत घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसतील अशी माझी खात्री होती. देशाच्या पुढाऱ्याबद्दलची सहानुभूती त्यांनीच वाटली होती ना.

अप्पा हसले नाहीत. टॉवेल त्यांनी दोरीवरून काढला, त्याची घडी केली आणि पुन्हा वाळत घातला.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.

"का? तिलाही गंमत वाटेल. किंवा भडकेल. काहीतरी होईल."

"नको सांगू, एवढंच."

मला वाटलं, जिवंत माणसांचं प्रस्थान अस्थी म्हणून गेलं, हा अपशकुन आई सहन करणार नाही, म्हणून ते भितात. तेही खरंच होतं. तिला हे कळलं असतं तर माझा अटलांटिक त्याच खाडीत बुडाला असता. मी गप्प राहायचं ठरवलं. विमला गाठायचं, गाठोडं हळूच परत घ्यायचं, संपलं.

विमची बोट दुपारी सापडली. इथाकाच्याच एका आतल्या खाडीत, जिथे तिन्ही बाजूंनी डोंगर उतरून पाण्याला टेकले आहेत. दुसरी एकही बोट नव्हती. आम्ही दिसताच विम घाईघाईने आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याने अर्ध्या चड्डीवर टाय लावला होता. त्यांनी आम्हाला त्यांच्या बोटीवर बोलावलं. छोट्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता आणि त्यावर आईचं लाल फडकं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी घडी घातलेलं. त्यात काही नव्हतं.

ग्रीट आईचे हात धरून बराच वेळ इंग्रजीत बोलली. आईला त्यातलं अक्षर कळलं नाही. मला सगळं कळलं.

मी म्हणाले, "ग्रीट, ऐका, थोडा घोटाळा झाला आहे, ते म्हणजे..."

"आधी मला सांग," आईने माझा दंड धरला. "ती काय म्हणतेय? आणि फडकं रिकामं का आहे?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. खोटं बोलायला मला काही सुचेना. आईपुढे मला कधीच सुचत नाही.

"आई, चिडू नकोस. त्यांचा गैरसमज झाला. त्यांना वाटलं, गाठोड्यात अस्थी आहेत. लहान बाळाच्या. आपणच त्यांना सोडायला दिल्या. त्यांनी काल सोडल्या. त्या केकवाल्या खाडीतही हेच सांगितलं, म्हणून झेंडे उतरले होते. सगळं मन लावून केलं, आई. बिचारीला काय ठाऊक. ती विचारते आहे, बाळाचं नाव काय होतं."

मी वाट बघत राहिले. आता ती उठणार, जगातले सगळे अपशकुन मोजणार, आणि मला म्हणणार, चल घरी.

आई उठली नाही. रिकाम्या फडक्यावर तिने हात ठेवला होता.

"कुठे सोडलं, विचार त्यांना."

मी विचारलं. विमने समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी बोट दाखवलं. तिथे कुठल्याच दिशेचा वारा लागत नाही, तो म्हणाला. पाणी नितळ आहे. तळ दिसतो. गाठोडं आम्ही पाण्याखाली धरून, डोळे मिटून सोडलं; आत बघायचा हक्क आमचा नव्हता. मी आईला सांगितलं.

"सोडताना कोणी रडलं का, विचार."

"आई..."

"विचार गं."

मी विचारलं. ग्रीट म्हणाली, आम्ही दोघंही रडलो. विम तर माझ्यापेक्षा जास्त. विमने टायकडे बघत मान हलवली.

"हेरंब," आई म्हणाली. "तिला सांग, त्याचं नाव हेरंब."

अप्पा एकदम वळले. "हेरंब?"

"मी मनात ठेवलं होतं. बारसं कुठे झालं त्याचं?"

मग त्या परक्या बोटीवर, कुंड्यांच्या मधे बसून, आईने मला सांगितलं. मी होण्याच्या तीन वर्षं आधी, तिच्या माहेरी, गुहागरला. पाळणा रंगवून आणला होता. रात्री दूध पिऊन झोपला, तो सकाळी उठलाच नाही. नाव न ठेवलेल्या लेकराचं सुतक नसतं, असं घरातली मोठी माणसं म्हणाली. तिच्या काकांनी कुठेतरी नेऊन पुरलं. कुठे ते आईला सांगायचं नाही, नाहीतर तिचं मन तिकडे धावतं, म्हणाले. अप्पा दुसऱ्या दिवशीच्या एस्टीने पोचले, त्यांनाही सांगितलं नाही. काका गेले, त्यांच्याबरोबर ती जागाही गेली.

"समाचाराला कोणी आलं नाही," आई म्हणाली. "यायचं तर कोणाच्या यायचं? नाव नाही, सुतक नाही. चार दिवसांनी मी विहिरीवर पाणी भरायला लागले. शेजारच्या बायका पावसाबद्दल बोलायच्या." तिने ग्रीटकडे पाहिलं. "आता आले बघ सगळे. केक घेऊन आले, चीज घेऊन आले. किती माणसं आली त्याच्या समाचाराला. मला कळलंच नाही ते कशाला येतायत. तरी मला बरं वाटत होतं."

मी रडत होते. मला भाऊ होता, आणि हे मला इतक्या उशिरा, एका डच माणसाच्या अर्ध्या चड्डीसमोर कळत होतं, याचा रागही येत होता. कोणावर येत होता ते कळत नव्हतं. ग्रीटला भाषांतराची गरज उरली नव्हती. तिने आईला धरून ठेवलं होतं, आणि आई, जिला मी घरात कोणाच्या मयतीलाही मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं, ती मोठ्याने रडत होती. अप्पा तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी ते नाव दोनतीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं.

तांदळांचं मी ग्रीटला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

संध्याकाळी आम्ही आमच्या बोटीवर होतो. आई डोंगराच्या पायथ्याच्या पाण्याकडे तोंड करून बसली होती. मी तिला काही विचारणार नव्हते. आठवडा अजून संपला नव्हता, आणि आता मला अटलांटिकपेक्षा तिची काळजी जास्त वाटत होती. तीच बोलली.

"तुला वाटलं, मी पाण्याला भिते म्हणून तुला अडवते."

"मग?"

"एक लेकरू कुठे ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून दुसरं नजरेआड करवत नव्हतं."

अप्पा जरा चाचरत म्हणाले, "अगं, पण ते तर आपले तांदूळ..."

"तांदूळ बांधले कोणी? मीच ना? मला काय सांगताय?" आई म्हणाली. "पण कोणीतरी टाय लावून, रडून, त्याला चांगल्या जागी ठेवलं. आमच्या काकांनी केलं का तेवढं? आता कोणी विचारलं तर मी जागा दाखवू शकते. वारा लागत नाही तिथे."

अप्पा तिच्या शेजारी येऊन त्याच पाण्याकडे बघत बसले. मीही.

"तू जा," आई मला म्हणाली. "ती शपथ सुटली. फक्त फोन करत जा, आणि तिकडे कोणी विचारलं, भावंडं किती, तर दोन म्हणून सांग. एकटी आहे म्हणू नकोस."

नोव्हेंबरात मी निघाले. किनारा दिसेनासा झाला त्या संध्याकाळी सगळे वर जेवायला बसलो होतो. एकमेकांची फारशी ओळख नव्हती, म्हणून जो तो आपापल्या घरचं सांगत होता. स्कॉटिश कप्तानाने बटाटे वाढता वाढता मला विचारलं, तुझ्या घरी कोण कोण.

"आई, वडील, आणि आम्ही दोघं," मी म्हणाले. "मोठा भाऊ ग्रीसमध्ये असतो."